अठ्ठ्याहत्तर सेकंदांचा हिशेब: इंदूरहून गेलेल्या एका विमानाचं प्रकरण

शनिवार, ८ जून २०२४. मुंबई विमानतळाच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान टेकलं, तेव्हा त्याच धावपट्टीवर पुढे एअर इंडियाचं तिरुवनंतपुरमला निघालेलं विमान अजून धावत होतं. उडण्याच्या अगदी बेतात होतं, पण चाकं जमिनीवरच होती. पुढच्या काही क्षणांत ते वर गेलं, मागचं वेग कमी करत धावपट्टीवरून बाहेर पडलं. कुणाला साधं खरचटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी या घटनेचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. इंदूरच्या मराठी घरांना मुंबईचं विमान परकं नाही. आमच्या राजेंद्रनगरात एके काळी मुंबईला जायचं म्हणजे अवंतिका एक्सप्रेसचं तिकीट काढायचं, आता तीच माणसं सकाळी पोहे खाऊन विमानानं निघतात आणि दुपारी दादरच्या नातेवाइकांकडे जेवायला पोचतात. त्यामुळे ग्रुपवर एकच धांदल उडाली. भाचीचा फोन आला, “मामा, ही आपली इंदूरची फ्लाइट आहे. तू बघितलंस का? कंट्रोलर झोपला होता का रे?”

मी नोकरीभर टॉवरमध्ये हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून बसलो आणि आता निवृत्त आहे. भाची विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्हच्या परीक्षेची तयारी करते आहे, म्हणजे उद्या तीच त्या खुर्चीत बसणार. म्हणून “झोपला होता का” हा तिचा प्रश्न मला फार लागला. त्या रविवारपासून आम्ही दोघं हे प्रकरण घेऊन बसलो. हे लेखन तिच्यासाठी केलेल्या टिपणांतूनच उभं राहिलं आहे.

आधी जाहीरपणे कोण काय म्हणालं ते. इंडिगोनं सांगितलं की वैमानिकानं नियंत्रकाच्या सूचनेप्रमाणेच विमान उतरवलं आणि घटना रीतसर कळवली. एअर इंडियानं सांगितलं की आमच्या वैमानिकांना आधी धावपट्टीवर यायची आणि मग उड्डाणाची परवानगी मिळाली होती. म्हणजे दोघांनाही परवानगी होती आणि दोघांनीही ती पाळली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, म्हणजे डीजीसीएनं, चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला ड्यूटीवरून उतरवलं. नियंत्रकांच्या संघटनेचं म्हणणं होतं की २७ ही प्रचंड वर्दळीची धावपट्टी आहे आणि दृश्यमानता चांगली असताना तिथे तासाला ४६ विमानांची ये-जा करायला मान्यता आहे.

बहुतेकांनी ही चार विधानं वाचली आणि प्रकरण मिटवलं. माझ्या मते ते इथेच सुरू होतं.

उंबरठा

मूळ नियम साधा आहे. उतरणाऱ्या विमानानं धावपट्टीचा थ्रेशोल्ड, म्हणजे तिचा उंबरठा ओलांडायच्या आत पुढचं उडणारं विमान धावपट्टीच्या दुसऱ्या टोकापलीकडे गेलेलं हवं, नाहीतर उडून वळायला लागलेलं हवं. आधी उतरलेलं विमान असेल तर ते धावपट्टीवरून पूर्ण बाहेर पडलेलं हवं. शाळेत घोकून घ्यावा असा हा नियम आहे आणि आम्ही तो तसाच घोकला.

मात्र आंतरराष्ट्रीय नियमांतच याला एक सवलत आहे. दिवसाउजेडी, दृश्यमानता किमान ५ किलोमीटर, ढगांची उंची किमान ३०० मीटर, पाठीमागून येणारा वारा ५ नॉटच्या, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांच्या आत आणि मागच्या वैमानिकाला पुढच्या विमानाची कल्पना दिलेली, एवढं सगळं जुळलं तर अंतर कमी करता येतं. दोन्ही मोठी जेट विमानं असली तर पुढचं उडणारं विमान उंबरठ्यापासून किमान २४०० मीटर पुढे गेलेलं असायला हवं, तेही जमीन सोडलेलं किंवा सोडणारच अशा स्थितीत. मुंबईची ही धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. व्हिडिओ बघून “एका धावपट्टीवर दोन विमानं म्हणजे गुन्हाच” असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दोन विमानं एका वेळी एका धावपट्टीवर असणं ठरावीक अटींत नियमाला धरून असू शकतं. गुन्हा ठरवायचा असेल तर उंबरठा ओलांडला गेला त्या क्षणी पुढचं विमान किती मीटरवर होतं, ते मोजावं लागेल.

व्हिडिओबद्दल आणखी एक. असे व्हिडिओ लांबून, झूम करून घेतलेले असतात. झूममध्ये अंतर चेपलं जातं. क्रिकेटच्या प्रक्षेपणात गोलंदाज आणि फलंदाज हातभर अंतरावर उभे दिसतात, तसं. मागचं विमान पुढच्याच्या शेपटीला टेकलंय असं वाटलं म्हणून ते तसं होतंच असं नाही. घटना किरकोळ होती असं मला म्हणायचं नाही. डोळ्यांवर निकाल द्यायचा नाही, एवढंच भाचीला पहिल्या दिवशी सांगितलं.

हिशेब

मग आम्ही कागद घेतला. तासाला ४६ म्हणजे ३६०० भागिले ४६, साधारण ७८ सेकंद. दर ७८ सेकंदांनी एक विमान धावपट्टी वापरणार. दोन उतरणाऱ्यांच्या मधे एक उडणारं बसवायचं तर दोन उतरणाऱ्यांत १५६ सेकंद हवेत. एअरबस उतरताना १४० नॉटच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. १५६ सेकंदांत ती सहा सागरी मैल कापते. तेव्हा दोन उतरणाऱ्यांत सहा मैलांची फट, आणि त्या फटीत एक उड्डाण.

आता ती फट कशी खर्च होते ते पाहा. हा माझा ढोबळ हिशेब आहे, टॉवरमधल्या अनुभवावरचा. पहिलं विमान उंबरठा ओलांडून, टेकून, धावपट्टी सोडेपर्यंत ५५ सेकंद. उरले १०१. उडणारं विमान धावपट्टीवर उभं आहे. परवानगी मिळाली, वैमानिकानं ती परत म्हणून दाखवली, थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, पुढे केला, यात १५ गेले. उरले ८६. धाव घेऊन जमीन सोडेपर्यंत ४०. उरले ४६ सेकंद. सगळं पुस्तकाप्रमाणे झालं तर नियंत्रकाच्या हातात एवढीच गंगाजळी असते.

पहिल्या विमानाची ठरलेली बाहेर पडायची वाट हुकली आणि ते पुढच्या वाटेनं गेलं, की १५ गेले. उडणाऱ्या वैमानिकानं परवानगीनंतर जरा वेळ घेतला, आणखी १५. मागचं विमान सहाऐवजी पाच मैलांवर आणून सोडलेलं असलं, तर २६. बेरीज ५६. हातात होते ४६. कुणी झोपलं नाही, कुणी नियम विसरलं नाही, कुणी चुकीचा आकडा बोललं नाही, तरी दहा सेकंद उणे.

भाची बराच वेळ त्या उणे दहाकडे बघत होती. मग म्हणाली, “मामा, म्हणजे हे रोज होत असणार.”

रोज होत नाही, कारण चांगला नियंत्रक ते उणे दहा येताना आधीच ओळखतो आणि उडणाऱ्याला धावपट्टीवर घेतच नाही. पण प्रत्येक वेळी तसं केलं तर तासाला ४६ होत नाहीत. उड्डाणांची रांग लांबते, वरच्या विमानांना घिरट्या घालाव्या लागतात, फोन वाजायला लागतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत सरकारनं मुंबईची गर्दीच्या वेळेची मर्यादा ४६ वरून ४४ केल्याचं जाहीर केलं होतं. कारण दिलं होतं ते घिरट्या, उशीर आणि वाया जाणाऱ्या इंधनाचं. ४४ म्हणजे ८२ सेकंद. ७८ वरून ८२. चार सेकंदांची ही ढील इंधनासाठी मिळाली, आणि माझं मन तिथेच अडतं. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गंगाजळीत किती सेकंद असावेत, हा प्रश्न विचारून तो आकडा कधीच ठरत नाही. नियमातलं किमान अंतर ही खालची मर्यादा आहे. वेळापत्रक तिलाच रोजचं लक्ष्य करून टाकतं.

“गो अराउंड” का नाही म्हटलं?

हा प्रश्न प्रत्येकानं विचारला, अगदी आमच्या शेजारच्या काकूंनीही. उतरणाऱ्याला वर पाठवायचं, संपलं. पण ते केव्हा म्हणायचं यावर सगळं आहे.

मागचं विमान दोन मैलांवर असताना, म्हणजे उंबरठ्यापासून ५१ सेकंदांवर, “गो अराउंड” म्हटलं तर तो सोपा उपाय. पुढच्यानं धाव सुरूच केली नसेल तर त्याची परवानगी रद्द करून त्याला जागेवर थांबवायचं, मागच्याला वर घ्यायचं. पण पुढचं विमान धावायला लागलं आणि मागचं उंबरठ्याजवळ आलं, की चित्र पालटतं. तेव्हा मागच्याला वर पाठवलं तर दोन्ही विमानं एकाच रेषेत, एकाच दिशेनं, एकाच वेळी चढायला लागतात. वरच्या वैमानिकाला आपल्या नाकाखालचं काही दिसत नाही. खालच्याला आपल्या डोक्यावरचं दिसत नाही. आणि हवेतली टक्कर टाळणाऱ्या ज्या टीकॅस यंत्रणेवर आपण एवढा भरवसा ठेवतो, ती जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या आत “चढा, उतरा” असे आदेश देतच नाही. तिथे वाचवायला ना यंत्र असतं ना डोळे.

४ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेत ऑस्टिनला नेमकं हेच घडलं. दाट धुकं, टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती. साउथवेस्टच्या प्रवासी विमानाला उड्डाणाची परवानगी दिली गेली तेव्हा फेडेक्सचं मालवाहू विमान जेमतेम तीन मैलांवर होतं. साउथवेस्टला अपेक्षेपेक्षा वेळ लागला. फेडेक्सच्या वैमानिकांना धुक्यात पुढचं विमान दिसलं, त्यांनी स्वतःच वर जायचं ठरवलं आणि रेडिओवर साउथवेस्टला उड्डाण सोडून द्यायला सांगितलं. ते उडालंच. दोन्ही विमानं दोनशे फुटांच्याही आत आली. साउथवेस्टमध्ये १२८ माणसं होती. तपास यंत्रणेनं मूळ कारण सांगितलं ते असं, की साउथवेस्ट वेळेत उडून जाईल हे नियंत्रकाचं गृहीतक चुकलं. हा निष्कर्ष मांडला गेला तो ६ जून २०२४ ला, आपल्या मुंबईच्या शनिवारच्या बरोब्बर दोन दिवस आधी.

म्हणून शेवटच्या काही सेकंदांपुरतं माझं मत असं आहे: चांगल्या उजेडात, पुढचं विमान डोळ्यांसमोर वेगानं दूर जात असताना, उंबरठ्यावर आलेल्या विमानानं उतरणं हे वर जाण्यापेक्षा कमी धोक्याचं असू शकतं. याचा अर्थ नियंत्रक बरोबर होता असा नाही. चूक आधीच, मिनिटभरापूर्वी झाली. “ते वेळेत उडेल” असं धरून चालण्यात. मुंबई असो की ऑस्टिन, आमच्या धंद्यातला सगळ्यात धोक्याचा शब्द “उडेल” हाच.

मीही तसंच धरून चाललो होतो

मी तेव्हा एका मध्यम आकाराच्या विमानतळावर होतो. हिवाळ्यातली स्वच्छ दुपार. एक विमान धावपट्टीवर उभं, दुसरं चार मैलांवर. मी उड्डाणाची परवानगी दिली. वैमानिकानं ती म्हणून दाखवली. मी त्याची स्ट्रिप, म्हणजे प्लॅस्टिकच्या चौकटीतली ती कागदाची पट्टी, फळीवर सरकवून पुढच्या कामाकडे वळलोसुद्धा. मान वर केली तेव्हा विमान जागेवरच होतं. दुर्बीण लावली. इंजिनामागची गरम हवा थरथरते, ती पाहून कळतं की ते निघणार की नाही. हवा शांत होती. विचारलं, तर उत्तर आलं, “स्टँड बाय, केबिन तयार नाही.” मागचं विमान तोपर्यंत दीड मैलावर. मी एकाची परवानगी रद्द केली, दुसऱ्याला वर पाठवलं. दोघांनीही शांतपणे ऐकलं. दहा मिनिटांनी दोघंही आपापल्या वाटेला लागले होते.

त्या संध्याकाळी मी लॉगबुकात सगळं लिहिलं. परवानगी देताना मागचं विमान किती मैलांवर होतं तेही. मला तसंच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला खुर्चीवरून उठवून फायलींच्या टेबलावर बसवलं गेलं. तीन आठवडे. माझ्यावर विश्वास असणारे एक वरिष्ठ जिन्यात भेटले आणि हळूच म्हणाले, “लिहायची काय गरज होती? कुणी तक्रार केली होती का?” त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. पण त्यानंतर त्या टॉवरमध्ये माझ्या बरोबरीच्या लोकांचं लिहिणं आटलं. “गो अराउंड”च्या नोंदीपुढे कारणाच्या जागी “ट्रॅफिक” एवढा एकच शब्द यायला लागला. तीन आठवडे मी फायली लावल्या याचं मला आज काही वाटत नाही. त्या एका शब्दाचं मात्र अजून वाटतं. त्यानंतर तिथे किती जणांची गणितं उणे दहावर आली आणि निभावली, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

७ जानेवारी २०२२ चं बंगळूरचं प्रकरण वाचलं तेव्हा मला तो जिना आठवला. सकाळची वेळ, दोन समांतर धावपट्ट्या, दोन टॉवर नियंत्रक. शिफ्टच्या प्रमुखानं एकच, उत्तरेकडची धावपट्टी चालवायचं ठरवलं, पण ते दक्षिणेच्या नियंत्रकाला सांगितलंच गेलं नाही. दोघांनीही आपापसात न बोलता एकाच वेळी इंडिगोच्या एकेका विमानाला उड्डाणाची परवानगी दिली, एक कोलकात्याचं, एक भुवनेश्वरचं. दोन्ही विमानं एकमेकांच्या जवळ येत चालली होती. रडारवरच्या नियंत्रकानं ते ओळखून दोघांना वेगवेगळ्या दिशा दिल्या. दोन्ही विमानांत मिळून ४२६ माणसं होती. आणि पुढे डीजीसीएच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं ते असं, की घटनेची नोंद कुठल्याच लॉगबुकात नव्हती आणि विमानतळ प्राधिकरणानं ती कळवलीही नव्हती.

लोक हे वाचून म्हणतात, लपवाछपवी. मला त्यात भीती दिसते. लिहिणाऱ्याचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांचा हात आखडतो.

अमेरिकेनं याची जबर किंमत मोजली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर आदळलं, ९२ माणसं गेली. उतरायला मिळालेल्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक घेतला, नियंत्रकाच्या मनात दुसरा होता. पुढे कळलं की दीड महिन्यापूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच ठिकाणी, त्याच गैरसमजातून, थोडक्यात वाचलं होतं. युनायटेडनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. बातमी कंपनीच्या भिंतीबाहेर गेली नाही. त्यानंतर १९७६ मध्ये नासाच्या हाती गोपनीय कळवणीची व्यवस्था दिली गेली. शिक्षा करणाऱ्या खात्याच्या हाती ती मुद्दामच दिली नाही, कारण आपली चूक कुणी आपल्या साहेबाला कळवत नाही.

नियंत्रकाला चौकशीपुरतं खुर्चीवरून बाजूला करणं मला मान्य आहे. हादरलेल्या माणसाला लगेच पुढची विमानं देऊ नयेत. पण ते त्याच्या आणि प्रवाशांच्या काळजीपोटी व्हावं. बातमीच्या दुसऱ्या ओळीत “कारवाई” म्हणून ते छापून आलं, की देशभरातल्या टॉवरांना एकच निरोप जातो: पुढच्या वेळी लिहू नका.

या प्रकरणात मला हवे आहेत ते आकडे. उड्डाणाची परवानगी दिली तेव्हा इंदूरचं विमान उंबरठ्यापासून किती मैलांवर होतं? परवानगी आणि चाकं फिरणं यांत किती सेकंद गेले? उंबरठा ओलांडताना पुढचं विमान किती मीटरवर होतं, २४०० च्या अलीकडे की पलीकडे? रडारवाल्यांनी दोन उतरणाऱ्यांत किती मैलांची फट ठेवली होती आणि तेवढी ठेवायला त्यांना कुणी सांगितलं होतं? हे चार आकडे टॉवरच्या ध्वनिमुद्रणातून आणि रडारच्या नोंदीतून निघतात. माणसाचं नाव न घेता ते देशातल्या प्रत्येक टॉवरच्या भिंतीवर लावता येतात.

परवा संध्याकाळी भाचीला घेऊन बिजासन टेकडीवर गेलो. देवीचं दर्शन झालं आणि आम्ही विमानतळ दिसेल असे कडेला उभे राहिलो. आपल्या इंदूरला धावपट्टी एकच, वर्दळ मुंबईच्या मानानं काहीच नाही, शिकायला बरी. मी तिला म्हटलं, विमान उंबरठा ओलांडेल तेव्हा मोबाइलवर वेळ सुरू कर, धावपट्टीवरून बाहेर पडेल तेव्हा थांबव, आणि त्याच वेळी आकाशात मागे कोण आहे ते सांग. शहराच्या बाजूनं एक विमान आलं, दिवे मोठे होत गेले. टेकलं. तिचं सगळं लक्ष चाकांपाशी निघालेल्या धुरावर होतं. ते वळून बाहेर पडलं तेव्हा तिनं बटण दाबलं आणि वहीत लिहिलं, “५८ सेकंद.” जरा थांबली. मग त्याच्याच खाली, मी न सांगता, लिहिलं: “मागचं विमान कुठे होतं ते बघायचं राहिलं.”

वही उघडीच ठेवून, पुढच्या ओळीवर वेळ टाकून, ती परत शहराकडच्या आकाशाकडे बघत उभी राहिली.